उजेड पानावर हवा: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. नाराजी आहे, पण मुद्दे नेमके आहेत, म्हणून उत्तरही दोन ओळींत उरकत नाही.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. झोपण्याआधी पलंगावर वाचायचं तर 2700 केल्विन (प्रकाशाच्या रंगाचं माप; आकडा जितका मोठा तितका प्रकाश पांढरा, निळसर) किंवा त्याहून पिवळसर, अरुंद झोताचा छोटा दिवा घ्यावा आणि छतातला मोठा दिवा बंद करावा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की तुमची साठी उलटली आहे, पिवळ्या उजेडात अक्षरं पुसट दिसतात आणि 6500 केल्विनचा पांढरा दिवा लावला की लख्ख दिसतं. शिवाय तुमच्या मते, पांढऱ्या दिव्यातल्या निळ्या प्रकाशाने झोप बिघडते ही सगळी भीती बारा माणसांवरच्या एका प्रयोगावर उभी आहे आणि त्यातही झोप लागायला उशीर झाला तो जेमतेम दहा मिनिटांचा. आणि मंद उजेडात वाचायला सांगून मी लोकांचे डोळे बिघडवते आहे, असाही तुमचा आरोप आहे.

शेवटचा आरोप सगळ्यात गंभीर, म्हणून तोच आधी घेते. कमी उजेडात वाचल्याने डोळे कायमचे अधू होतात, हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलं आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 2007 साली वैद्यकीय गैरसमजांवर एक लेख आला होता, त्यात हाही समज तपासला होता आणि त्याला आधार सापडला नव्हता. डोळे दमतात हे खरं. वाचताना पापण्या कमी मिटतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, कपाळ जड होतं. विश्रांती मिळाली की हा त्रास जातो. पण त्रास होतोच, आणि त्रास काढत वाचा असं मी कुणालाही सांगणार नाही. मंद असावी ती खोली. पान चांगलं उजळलेलं हवं. या दोन गोष्टी एकाच दिव्यावर सोपवल्या की सगळा घोळ होतो, आणि माझ्या मते तुमच्या खोलीत तेच होत असावं.

थोडं गणित करून पाहू. दिव्यातून एकूण किती उजेड निघतो ते ल्युमेनमध्ये मोजतात आणि पानावर किती पडतो ते लक्समध्ये. छतात 800 ल्युमेनचा बल्ब आहे आणि तुमचं पुस्तक त्याच्यापासून अडीच मीटर खाली आहे असं धरा. बल्बचा उजेड चहूबाजूंना पसरतो, त्यामुळे पानावर थेट पोचतो तो 10 लक्सच्या आसपास. भिंतींवरून, छतावरून परतून येणारा धरला तरी आकडा शंभराच्या आतच राहतो. आता 100 ते 150 ल्युमेनचाच, पण अरुंद झोताचा दिवा पानापासून अर्ध्या मीटरवर आणा. पानावर 300 लक्सच्या घरात उजेड मिळतो. छोट्या दिव्याचं अंतर अर्धं केलं की उजेड चौपट होतो, या साध्या नियमाची ही किमया आहे. म्हणून दिवा घेताना वॉट किती, हे विचारून फारसं काही कळत नाही. झोत किती रुंद आहे आणि दिवा किती जवळ आणता येतो, हे विचारायला हवं.

वय झालं की उजेड जास्त लागतो, हे तुमचं म्हणणं तर शंभर टक्के खरं आहे. बाहुली लहान होत जाते, डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि विशीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत जेवढा प्रकाश पोचायचा, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोचतो. नातवाला जो दिवा पुरतो तो आजोबांना पुरत नाही, यात नवल नाही. त्यामुळे तुम्ही दिवा जवळ घ्या, त्याची तीव्रता वाढवा, बिनधास्त वाढवा. माझा आक्षेप फक्त 6500 केल्विनला आहे.

पांढऱ्या दिव्याखाली अक्षरं रेखीव दिसतात, हा तुमचा अनुभवही भास नाही. निळसर अंश जास्त असलेल्या प्रकाशात बाहुली जास्त आकसते आणि बाहुली लहान झाली की प्रतिमा अधिक काटेकोर उमटते. छायाचित्रकार भिंगाचं छिद्र लहान करतात तेव्हा हेच घडतं. पण पानावरचा उजेड वाढवला तरीही बाहुली आकसते. म्हणजे ज्या रेखीवपणासाठी तुम्ही पांढरा रंग निवडलात, त्यातला बराचसा पिवळसर दिव्याची तीव्रता वाढवूनही मिळतो. माझा अंदाज असा, की तुम्ही जुन्या मिणमिणत्या पिवळ्या दिव्याची तुलना नव्या झगझगीत पांढऱ्या दिव्याशी करत आहात. ही तुलना रंगाची कमी आणि ताकदीची जास्त आहे. सारख्याच ल्युमेनचे दोन दिवे, एक 2700 चा आणि एक 6500 चा, सारख्याच अंतरावर धरून तेच पान वाचून पाहा. खोक्यावर रंगनिष्ठेचा (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा) आकडा 90 च्या वर असेल असा पिवळसर दिवा मिळाला तर आणखी चांगलं. रंगीत चित्रांची पुस्तकं वाचणाऱ्यांना तर त्याचा उपयोग आहेच.

आता त्या बारा माणसांच्या प्रयोगाकडे येते. 2015 साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग तुम्ही बरोबर सांगितला आहे. झोपण्याआधी चार तास पूर्ण उजळलेल्या टॅब्लेटवर वाचणं आणि मंद उजेडात छापील पुस्तक वाचणं, अशी ती तुलना होती, आणि झोप लागायला सरासरी दहा मिनिटांचाच फरक पडला होता. पण त्याच प्रयोगात टॅब्लेटवाल्यांच्या शरीरातलं मेलॅटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, संध्याकाळी निम्म्याहून जास्त दबलं होतं आणि दुसऱ्या दिवशी ते स्रवायला लागण्याची वेळ दीड तासाने पुढे सरकली होती. माझ्या लेखी दहा मिनिटांपेक्षा हा दीड तास मोठा आहे. आज झोप लागेल हो, पण शरीराला रात्र झाल्याचं उद्या उशिरा कळेल. दुसरी बाजूही सांगते, कारण ती तुमच्या बाजूची आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात 2016 साली असाच एक छोटा प्रयोग झाला. तिथल्या लोकांना आधी दिवसभरात कित्येक तास भरपूर उजेडात ठेवलं होतं आणि मग रात्री टॅब्लेटवर वाचण्याने काही फरक पडला नाही. यावरून मी एवढंच घेते, की दिवसा भरपूर उजेड मिळालेल्या माणसाला रात्रीचा थोडा उजेड कमी बाधतो. तुम्ही सकाळी उन्हात फिरायला जात असाल तर तुम्हाला थोडी मोकळीक आहे.

पण माझा मुद्दा या एका प्रयोगावर उभा नाही. डोळ्याच्या पडद्यात आकार-रंग ओळखणाऱ्या पेशींखेरीज आणखी एका प्रकारच्या पेशी स्वतः प्रकाश टिपतात, हे 2002 साली दाखवलं गेलं. त्यांच्यात मेलॅनोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतं आणि या पेशी मेंदूतल्या घड्याळाला दिवस आहे की रात्र ते कळवतात. 2022 साली या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन शिफारस केली, की झोपण्याआधीचे तीन तास डोळ्यापाशी पोचणारा प्रकाश, या पेशींच्या मापाने मोजला तर, 10 लक्सच्या वर जाऊ नये. ‘डोळ्यापाशी’ हा शब्द महत्त्वाचा. पानापाशी नव्हे.

पानावर 200 लक्स उजेड पडला आणि पुस्तक डोळ्यांपासून 40 सेंटिमीटरवर असलं, तर कागदावरून परतून डोळ्यांत शिरतो तो 15 लक्सच्या आसपास. 2700 केल्विनच्या दिव्यात या पेशींना जाणवणारा अंश साधारण निम्म्याहून थोडा कमी, म्हणजे 7 च्या आसपास. मर्यादेच्या आत. तोच दिवा 6500 केल्विनचा असला तर हा आकडा 14 वर जातो. आणि वर छतातला पांढरा दिवा चालू असेल, किंवा उशालगतच्या दिव्याचा उघडा बल्ब थेट डोळ्यांसमोर असेल, तर पानाचा हिशोब करण्यात अर्थच उरत नाही. म्हणून माझी क्रमवारी अशी: बल्ब नजरेआड आहे का, हे सगळ्यात आधी. मग खोलीतला बाकी उजेड. रंग त्यानंतर. लोक नेमके उलटे जातात, रंगावर वाद घालतात आणि उघडा बल्ब डोळ्यांत खुपत असताना वाचत राहतात.

तुम्हाला पानावर 300-350 लक्स लागत असतील तर पिवळसर दिव्यातही मर्यादेच्या जरासं वर जायला होईल. पण ही मापं तिशीतल्या डोळ्यांच्या हिशोबाने ठरलेली आहेत. तुमचं पिवळसर भिंग निळा अंश आपसूक अडवतं, त्यामुळे मी याची काळजी करणार नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. नव्या भिंगातून निळा अंश पुन्हा जास्त आत येतो, तेव्हा पिवळसर दिव्याचा आग्रह मी दुप्पट करेन.

दिवा कुठे ठेवायचा याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे: ‘बाजूच्या टेबलावर ठेवतो, बघतो तर सावली पडते.’ माझ्या दृष्टीने तुमच्या प्रतिक्रियेतली सगळ्यात उपयोगी ओळ ही आहे. तुम्ही कसे पडून वाचता, यावर सगळं अवलंबून असतं.

पाठीला उशी लावून बसून वाचणाऱ्याला खांद्यामागून, थोडा वरून येणारा झोत उत्तम. शेडची खालची कड डोळ्यांच्या पातळीच्या जरा खाली यावी, म्हणजे बल्ब दिसत नाही. कुशीवर वळून वाचणाऱ्याने ज्या बाजूला तोंड आहे त्याच बाजूच्या टेबलावर दिवा ठेवला तर तो पुस्तकाच्या पाठीमागे जातो. पान अंधारात आणि पुस्तकाच्या कडेवरून तिरीप थेट डोळ्यांत. अशा वेळी डोक्यामागच्या भिंतीवरचा, वाकवता येणाऱ्या मानेचा दिवा हवा, म्हणजे झोत डोकं आणि पुस्तक यांच्यामधून खाली उतरतो. आणि उताणं पडून, पुस्तक चेहऱ्यावर धरून वाचणाऱ्यांना तर भिंतीवरच्या दिव्याचा काहीच उपयोग नाही, कारण पान खाली तोंड करून असतं आणि उजेड पडतो मुखपृष्ठावर. त्यांच्यासाठी गळ्यात अडकवायचा दिवा, ज्याची दोन टोकं हव्या तशी वळवता येतात, तो सगळ्यात सोयीचा. पुस्तकाला चिमट्याने लावायचा दिवाही चालतो, पण पातळ पुस्तकाचं मलपृष्ठ त्याच्या वजनाने वाकतं, आणि जाड पुस्तकात शिवणीजवळ पान फुगून वर येतं, तिथे सावलीची एक पट्टी पडते. त्या पट्टीतले शब्द शोधायला आपण नकळत मान वळवत राहतो. शेजारी कुणी झोपलेलं असेल तरीही अरुंद झोताचाच दिवा बरा.

अजून एक गोष्ट तपासा, ती तुम्ही लिहिलेली नाही पण डोळे दमण्यामागे असू शकते. दिवा मंद केला की काही एलईडी दिवे झपाट्याने उघडझाप करतात. डोळ्यांना ती जाणवतेच असं नाही, पण काहींचं डोकं दुखतं. दिव्यासमोर पेन्सिल भराभर हलवून बघा. तिची सलग धूसर पट्टी दिसण्याऐवजी तुटक तुटक पेन्सिली दिसल्या तर तो दिवा बदला. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याचा विचार असेल तर तो थांबवा. कोक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणारी संस्था आहे; तिने 2023 साली केलेल्या आढाव्यात अशा चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा निदान अल्पकाळात तरी कमी होत नाही, असंच दिसलं.

आणि एक विनंती. छतातला दिवा बंद केल्यावर खोली एकदम काळीकुट्ट करू नका. उजळ पान आणि मागे गडद अंधार, असं असलं की नजर पानावरून उचलताना दरवेळी डोळ्यांना ताण पडतो. कोपऱ्यात, पलंगावरून दिसणार नाही असा एखादा अगदी मंद पिवळा दिवा असू द्या.

आता तुम्ही बसून वाचता की कुशीवर, कोणत्या कुशीवर, आणि पलंगाच्या डोक्याशी भिंत आहे की खिडकी, एवढं कळवा. मोतीबिंदूबद्दलही सांगा. त्यावरून कोणत्या प्रकारचा दिवा घ्यायचा आणि तो नेमका कुठे बसवायचा, हे मला तुम्हाला ठामपणे सांगता येईल.