गर्भाशयाचा प्रतिसाद केवळ गुणोत्तरावर ठरत नाही

समाजमाध्यमांवर एक विधान वारंवार फिरते: एस्ट्रोजेन गर्भाशय वाढवते, प्रोजेस्टेरॉन ती वाढ थोपवते, ही दोन संप्रेरके परस्परांची वैरी आहेत आणि रक्तातले त्यांचे गुणोत्तर पाहिले की गर्भाशय कसा वागेल ते कळते. हे उंदरांवर सिद्ध झाल्याचेही पुढे जोडलेले असते. प्रत्यक्षात रॅट जातीच्या उंदरांवरील प्रयोगच या विधानाला छेद देतात.

एस्ट्रोजेनमुळे गर्भाशय वाढतो हे खरे, पण ‘वाढ’ कशाला म्हणायचे? अंडाशये काढलेल्या मादीला एस्ट्राडायॉल हे प्रभावी एस्ट्रोजेन टोचले, तर पहिल्या सहाएक तासांत वाढणारे वजन मुख्यतः ऊतींत शिरलेल्या पाण्याचे असते. पेशींचे विभाजन साधारण एका दिवसाने दिसते. एस्ट्रिऑल या सौम्य एस्ट्रोजेनची एकच मात्रा पाणी भरण्यापुरती पुरते, खरी वाढ मात्र टिकत नाही. तेच एस्ट्रिऑल सतत मिळत राहिले तर पूर्ण वाढ होते. म्हणजे संप्रेरक किती आहे याइतकेच ते किती काळ आहे यालाही महत्त्व आहे.

प्रोजेस्टेरॉन वाढ थोपवते, हे गर्भाशयाच्या एकाच थरापुरते खरे आहे. नुसत्या एस्ट्रोजेनने आतल्या अस्तराच्या पेशी विभागतात. आधी काही दिवस प्रोजेस्टेरॉन देऊन मग एस्ट्रोजेन दिले, तर अस्तर शांत राहते आणि त्याखालच्या स्ट्रोमाच्या, म्हणजे आधार देणाऱ्या ऊतीच्या, पेशी विभागू लागतात. येथे वाढ थांबत नाही, तिची जागा बदलते.

‘वैरी’ हा शब्द तर मला सर्वांत जास्त दिशाभूल करणारा वाटतो. स्ट्रोमा आणि स्नायूच्या थरात प्रोजेस्टेरॉनचे ग्राही (संप्रेरकाला पकडून त्याचा परिणाम घडवणारी पेशींतली प्रथिने) एस्ट्रोजेनमुळेच वाढतात. उलट बाजूने प्रोजेस्टेरॉन एस्ट्रोजेनचे ग्राही कमी करते, म्हणून विरोध आहेच. पण ज्याचा विरोध होतो त्यानेच विरोधकाच्या कामाची पूर्वतयारी केलेली असते.

गुणोत्तराचा मुद्दा सर्वांत कच्चा आहे, आणि तो गर्भरोपणाच्या, म्हणजे भ्रूण गर्भाशयाच्या अस्तरात रुजण्याच्या, प्रयोगांत उघडा पडतो. गाभण मादीची अंडाशये रोपणापूर्वी काढून तिला रोज प्रोजेस्टेरॉन दिले, तर भ्रूण जिवंत राहतात, पण गर्भाशयात सुप्त पडून राहतात. मग एस्ट्राडायॉलची एक अल्पशी मात्रा दिली की रोपण सुरू होते. मात्र त्याआधी गर्भाशयावर निदान 48 तास प्रोजेस्टेरॉनचा प्रभाव असावा लागतो. तो नसेल तर तीच मात्रा निष्फळ ठरते. शिवाय एस्ट्रोजेननंतर उघडलेली ही ग्रहणक्षमता थोडाच काळ टिकते, आणि त्यानंतर गर्भाशय भ्रूण स्वीकारेनासा होतो, जरी प्रोजेस्टेरॉन चालूच असले तरी. एका क्षणी मोजलेले गुणोत्तर हा क्रम आणि हा अवधी कसा सांगणार?

या चित्रात दोनच संप्रेरके आहेत हेही बरोबर नाही. डेक्सामेथासोनसारखे ग्लुकोकॉर्टिकॉइड (कॉर्टिसोलच्या गटातले स्टेरॉइड) एस्ट्रोजेनने होणारी वाढ दाबते, तर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक मोठ्या मात्रेत स्वतःच गर्भाशयाचे वजन वाढवते.

राहिला प्रश्न हे सारे स्त्रियांना लागू करण्याचा. मादी रॅटमध्ये प्रसूतीपूर्वी रक्तातले प्रोजेस्टेरॉन घसरते. स्त्रीमध्ये प्रसूतीच्या आधी तशी घसरण होत नाही. म्हणून उंदरांचा दाखला देऊन एखाद्या स्त्रीला केवळ रक्ततपासणीतल्या गुणोत्तरावरून संप्रेरके घेण्याचा सल्ला देणे मला गैर वाटते.