खाचरातली काच

काल रविवार, भाताच्या खाचरात रोप लावणी चाललेली. आईच्या टाचेत बिअरच्या बाटलीची काच घुसली. चिखलात उतरणारी बाई चप्पल घालून उतरते काय? रक्त थांबेना, म्हणून टॉवेल गुंडाळून तिला मोटारसायकलवर बसवलं, तर बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या चोर्ल्याच्या रस्त्यावर गाड्या आडव्या. मधोमध उभं राहून धुक्यात फोटो काढून लागलेत! हॉर्न वाजवला तर एकजण म्हणतो, "घाई काय गा, आम्ही पण फिरायलाच आलोय." फिरायला? लालभडक झालेला टॉवेल दिसत नाही तुला? तीन टाके पडले. लावणी ऐन भरात आणि आई खाटेवर.

काच कुठून आली ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. वरच्या ओढ्यावर दर शनिवार-रविवारी बैठका बसतात. प्यायलात ते प्यायलात, पण बाटली दगडावर फोडायची कशाला? तशीच ठेवून जा, मी उचलतो. फोडलेली काच पहिल्या मोठ्या पावसात आमच्या खाचरात उतरते. गेल्या वर्षी फोटोसाठी लावलेलं रोप तुडवलं होतं, तेही मी विसरलेलो नाही.

कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. तेच पाणी नविलुतीर्थच्या धरणात अडतं आणि हुबळी-धारवाडच्या नळाला जातं. तिकडची गाडी दिसली आणि काचेतून चिप्सचं पाकीट बाहेर पडलं की डोकंच फिरतं. अरे, तुझ्याच घागरीत टाकतोयस!

आणि सभेत ऐकायचं, पर्यटन वाढलं की खानापूर तालुका सुधारेल. कसा? जेवण बेळगावहून बांधून आणतात, दारू गोव्याची, रिसॉर्टचा मालक बाहेरचा. गावात खपतो चहा आणि भाजलेलं कणीस. आमची पोरं हॉटेलात कामाला अजून गोव्यालाच जातात. तालुक्यातलं भीमगडचं जंगल 2011 ला अभयारण्य झालं. आतल्या गावांना बाहेर निघा म्हणतात, सरपणाची मोळी आणली तरी आम्हाला हटकतात. रात्री डीजे लावणाऱ्याला कोण हटकतं?

संध्याकाळी खाचरात हाताने चाचपून बघितलं. अकरा तुकडे निघाले, बादलीत ठेवलेत. उद्या पैऱ्याच्या, म्हणजे आळीपाळीने एकमेकींच्या शेतात राबणाऱ्या, बायका येणार. त्यांना त्या चिखलात उतरा म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?