शार्त्रच्या काचा ओघळत नाहीयेत, आणि तो निळा रंगही हरवलेला नाही

गेल्या पंधरा दिवसांत तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड आला. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलचा फोटो, निळ्या काचेतली मेरी, आणि खाली लांबलचक मजकूर. थोडक्यात म्हणणं असं की काच मुळात द्रव असते म्हणून आठशे वर्षांत या खिडक्या ओघळून खाली जाड झाल्यात. तो निळा रंग करायचं गुपित कारागिरांबरोबर मातीत गेलं, आजच्या सायन्सला जमत नाही. लाल काचेत सोनं वितळवलंय. चर्च बांधायला कित्येक शतकं लागली. आता रिस्टोरेशनवाल्यांनी आतून पांढरा ऑइलपेंट फासून वाट लावली. आणि दोन महायुद्धांत काचा वाचल्या हा चमत्कार. पाठवणाऱ्यांत माझी सख्खी मावशी पण आहे आणि तिला ते मनापासून आवडलंय. मलाही ती जागा जिवापाड आवडते, म्हणूनच गप्प बसवत नाही.

आधी ओघळणारी काच. यात मावशीची चूक नाही, एनसीईआरटीच्या बारावीच्या केमिस्ट्रीच्या पुस्तकात हेच छापलेलं होतं की जुन्या इमारतींच्या काचा खालच्या बाजूला जाड असतात कारण काच हळूहळू वाहते, आणि आपण ते पाठ करून मार्क मिळवलेत. पण २०१७ मधे संशोधकांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेच्या मध्ययुगीन काचेसारखं मिश्रण घेऊन हिशोब केला, तर साध्या तापमानाला ती एक अब्ज वर्षांत फार तर एक नॅनोमीटर सरकेल असं निघालं. आठशे वर्षांत किती ते तुम्हीच काढा. मग जाडी कमीजास्त का? कारण ती काच माणसाने तोंडाने फुंकलेली आहे. फुंकनळीवर मोठा फुगा करायचा, त्याचा नळकांडीसारखा आकार करून उभा चिरायचा, परत गरम करून सपाट पसरायचा, नाहीतर गरगर फिरवून त्याची थाळी करायची. दोन्हीत एकसारखी जाडी येतच नाही.

आणि एक साधी गोष्ट फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलीच नाही, की शार्त्रची खिडकी म्हणजे एक सलग काच नाहीये. तळहाताएवढे, काही त्याहून लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले असतात. शिसं थकतं, मग खिडकी उतरवायची, सगळे तुकडे सोडवायचे, नव्या पट्ट्यांत परत बसवायचे, फुटलेल्याच्या जागी दुसरा घालायचा, आणि हे शतकानुशतकं चालू आहे. जाड कड खाली आलीये का बाजूला का वर, हे बसवणाऱ्याच्या हातावर होतं.

आता निळा. इथे मला खरंच वाईट वाटतं, कारण "गुपित हरवलं" म्हटलं की ज्यांनी ते केलं त्यांची कामाची पद्धतच पुसली जाते. १२व्या शतकाच्या सुरुवातीला थिओफिलस नावाच्या साधूने कारागिरीवर लॅटिनमधे ग्रंथ लिहिलाय, त्यात काच करायची सगळी रीत आहे: बीच झाडाची राख दोन भाग, वाळू एक भाग, भट्टी कशी रचायची, पांढऱ्या केलेल्या फळीवर खिडकीचं चित्र कसं आखायचं, तापलेल्या लोखंडाने काच कशी तडकवायची, चेहऱ्याच्या रेघा काढायला धातूची पूड वाईनमधे नाहीतर मुतात कशी खलायची (हो, तसंच लिहिलंय). आणि निळ्याबद्दल तर तो स्पष्टच सांगतो की फ्रान्सचे लोक यात हुशार, ते प्राचीन काळच्या निळ्या काचेची भांडी गोळा करतात, त्यात थोडी पांढरी काच घालून वितळवतात आणि त्याचे मौल्यवान निळे पत्रे करतात. म्हणजे रोमन काळातला माल परत वापरायचा! निळेपणा येतो कोबाल्टने, तोही चिमूटभर पुरतो. पुढे तपासण्यांत दिसलं की १२व्या शतकातली ती निळी काच सोड्याची आहे, आणि सोड्याची काच राखेतल्या पोटॅशच्या काचेपेक्षा हवा-पाण्यात जास्त टिकते. म्हणून ११९४ च्या आगीतून वाचलेली, साधारण ११८० ची 'नोत्र-दाम द ला बेल व्हेरिएर' म्हणजे फॉरवर्डमधली तीच निळी मेरी, आणि पश्चिमेच्या दारावरच्या साधारण ११५० च्या तीन उभ्या खिडक्या अजून इतक्या झळाळतात, तर शेजारच्या १३व्या शतकातल्या काचांना बाहेरून गंज धरलाय. मी संध्याकाळी पश्चिमेचं ऊन त्या तिन्हींतून आत येताना तासभर बघत बसले होते, उजवीकडे जेसीचा वंशवृक्ष (येशूचे पूर्वज झाडाच्या रूपात), मधे येशूचा जन्म आणि बालपण, डावीकडे त्याचे शेवटचे दिवस. मान दुखायला लागली तरी उठवेना.

"आज जमत नाही" हेही खोटं. जर्मनीत वाल्डसासेनला आजही काच तोंडाने फुंकून करतात आणि ती जुन्या खिडक्यांच्या दुरुस्तीला जाते. आठशे वर्षांच्या ऊन-पावसाचा परिणाम मात्र नव्या काचेत भट्टीतून आणता येत नाही, तेवढंच.

लाल काचेत सोनं नाही, तांबं आहे. सोन्याची लाल काच युरोपात १७व्या शतकात रुळली.

"शतकं लागली" हेही अर्धवट. १० जून ११९४ ला जुनं चर्च जळालं, तळघर आणि पश्चिमेचा दर्शनी भाग तेवढा वाचला, आणि १२२१ ला पाद्री लोक नव्या गाभाऱ्यात बसायला लागले होते. ३७ मीटर उंच छत, ना आजच्यासारखी यंत्रं ना आजचं सिमेंट, आणि तीस वर्षांच्या आत! मला तर हेच शतकांपेक्षा भारी वाटतं. १२६० ला अर्पणविधी झाला, आणि उत्तरेचा तो नक्षीदार मनोरा मात्र खरंच उशिराचा, झां द बोसने १५०७ ते १५१३ मधे केलेला.

ऑइलपेंटचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही, कारण त्यात दुखावलेली माणसं खरी आहेत. २००९ पासून आतली साफसफाई सुरू झाली तेव्हा धूळ, मेणबत्त्यांची आणि आगींची काजळी याखाली १३व्या शतकाचाच फिकट पिवळसर लेप सापडला, त्यावर पांढऱ्या रेघांनी दगडांचे खोटे सांधे रंगवलेले. जिथे तो उडालाय तिथे नव्याने भरला. म्हणजे काळा दगड हे मूळ रूप नव्हतंच. पण भिंती उजळल्या की काचांचा उजेड तेवढा खोल वाटत नाही, हा टीकाकारांचा आक्षेप मला पटतो, आणि १६व्या शतकातली खांबावरची मेरीची मूर्ती जी पिढ्यान्‌पिढ्या "काळी मेरी" म्हणून पुजली गेली तिचा चेहरा गोरा झालेला बघून भाविकांना काय वाटलं असेल ते आपल्याकडे वेगळं समजावून सांगायला नको. शेंदराचं कवच निघाल्यावर आतली मूर्ती बघून गावात काय होतं ते आपण पाहिलंय. यावर जरूर भांडा, पण ऑइलपेंट म्हणू नका.

राहिला चमत्कार. आधी हे की सगळ्या काचा वाचलेल्याच नाहीत, १८व्या शतकात गाभाऱ्यात उजेड हवा म्हणून पाद्र्यांनीच काही रंगीत खिडक्या काढून साध्या काचा बसवल्या. युद्धांत ज्या वाचल्या त्या माणसांनी वाचवल्या: १९१८ मधे उतरवल्या, १९३९ मधे परत उतरवल्या. जवळजवळ २६०० चौरस मीटर काच, पॅनल-पॅनल करून पेट्यांत भरून लांब नेऊन ठेवली, आणि युद्धानंतर परत जागेवर लावली. इमारत मात्र तिथेच उभी होती. ऑगस्ट १९४४ मधे मनोऱ्यात जर्मन टेहळे बसलेत या संशयावरून तिच्यावर तोफा डागायचं ठरत होतं, तेव्हा वेलबोर्न ग्रिफिथ नावाचा अमेरिकन कर्नल म्हणाला आधी मी बघून येतो. ड्रायव्हरला घेऊन गेला, आत कोणी नाही याची खात्री केली आणि तोफा थांबल्या. त्याच दिवशी, १६ ऑगस्टला, शार्त्रला लागूनच असलेल्या लेव्ह गावात लढताना तो मारला गेला.