"नुसतं अपडेट" म्हणणाऱ्यांनो, जरा इकडे या

"मॅडम, नवीन कुठे लिहायचंय, नुसतं अपडेट तर करायचंय." हे वाक्य मी गेल्या तीन आठवड्यांत किमान दहा वेळा ऐकलंय आणि प्रत्येक वेळी मान डोलावून "हो सर" म्हणालेय, आणि आता रात्रीचे पावणेबारा वाजलेत, चहाचा तिसरा कप गार झालाय आणि मी लॅब मॅन्युअलच्या चौऱ्याऐंशी पानांपैकी एकतिसाव्या पानावर आहे. एकतिसाव्या!

तर झालं असं की आमच्या कॉलेजात तपासणीला कमिटी येणारे, आणि कमिटी येणार म्हटलं की भिंतींना रंग लागतो, कुंड्या येतात आणि लॅब मॅन्युअलांची आठवण होते. कमांड लाइनवर मजकूर लिहिणं आणि तो छापायला तयार करणं, म्हणजे व्हीआय (मजकूर लिहायचा एडिटर), सेड (मजकूर बदलणारं), ग्रेप (मजकुरात शोधणारं), लेटेक (छपाईसाठी पानं जुळवणारं) वगैरे, याचं एक मॅन्युअल आहे आमचं, मूळ 1998 चं. लिहिणारे सर कधीच रिटायर झाले. मग ते काम कुणाला? तासिका तत्त्वावरच्या मॅडमना. शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात हो आम्हाला, मॅन्युअलच्या रात्रीचे नाही मिळत, तो कॉलमच नाहीये फॉर्ममध्ये.

मी म्हटलं ठीक, सोर्स फाइल द्या. कारण सरांनी हे सगळं लेटेकमध्ये लिहिलेलं, स्वतःच्या हाताने, तसं पहिल्याच पानावर लिहिलंय. तर म्हणे ती मशीन भंगारात गेली. बॅकअप? बॅकअप म्हणजे काय असतं असा चेहरा. उरलंय काय तर एक वर्डची फाइल, जी 2011 मध्ये कुणीतरी भल्या माणसाने "सगळ्यांना एडिट करता यावं म्हणून" बनवली. म्हणजे बघा, साधा मजकूर तीस वर्षांनी पण उघडतो हे शिकवणारं पुस्तक, आणि त्याचाच साधा मजकूर हरवला आणि राहिलं काय तर वर्ड!

आणि त्या वर्डने काय काय केलंय ते ऐका. प्रत्येक कमांडचं पहिलं अक्षर कॅपिटल. आता लिनक्सला कॅपिटल आणि स्मॉल वेगळं, त्यामुळे पोरं बघून बघून जशीच्या तशी टाइप करतात आणि "कमांड नॉट फाउंड". सरळ अवतरणचिन्हं होती ती सगळी गोल वाकडी झालीत, शेलला, म्हणजे आपली कमांड वाचून चालवणाऱ्याला, ती अवतरणं वाटतच नाहीत, तो ती उचलून थेट सेडच्या हातात देतो आणि सेड म्हणतं अननोन कमांड. सगळ्यात हलकटपणा डॅशचा. कमांडला जोडून देतात त्या ऑप्शनच्या आधीच्या छोट्या रेघेची वर्डने लांब सुंदर रेघ केलीय, दिसायला छानच दिसते, पण ग्रेपला ती रेघ दिली की त्याला तो ऑप्शन कळतच नाही, तो त्यालाच शोधायचा शब्द समजतो आणि जो खरा शब्द आहे त्या नावाची फाइल शोधत बसतो आणि म्हणतो अशी फाइल नाही. पोरगी माझ्याकडे येऊन रडकुंडीला, मॅडम फाइल आहे, समोर दिसतेय, तरी नाही म्हणतोय. आणि मी पण पाच मिनिटं त्या स्क्रीनकडे बघत उभी! एक रेघ हो, डोळ्याला फरक कळत नाही.

बरं एकट्या वर्डला शिव्या घालून पण चालत नाही. 2023 मध्ये ग्रॉफची 1.23 आली, म्हणजे मॅन पेजेस, कमांडच्या माहितीची पानं, ज्याने स्क्रीनवर उमटतात तेच, आणि त्यांनी पण तोच घोळ घातला, साध्या रेघेच्या जागी टायपोग्राफीच्या दृष्टीने बरोबर असलेलं हायफन दाखवायचं, मग मॅन पेजवरून कॉपी केलेली कमांड चालेना. डेबियनवाल्यांनी (लिनक्सचाच एक प्रकार) ते आपल्या बाजूने परत जुनं केलं. म्हणजे पन्नास वर्षं झाली ग्रॉफच्या पूर्वजाला, ट्रॉफला, आणि अजून रेघेवरून भांडण चालू आहे. चालू द्या. पण माझ्या चौऱ्याऐंशी पानांतल्या रेघा कोण सुधारणार?

आता कुणी म्हणेल फाइंड रिप्लेस मार ना. मारला ना! सगळ्या लांब रेघा छोट्या केल्या तर कुठेकुठे दोन छोट्या रेघांची मिळून एक लांब झालेली, तिथे एकच राहिली, आता कुठल्या जागी एक आणि कुठे दोन हे प्रत्येक कमांड चालवून बघितल्याशिवाय कळत नाही. हेच सांगतेय मी तीन आठवडे. अपडेट म्हणजे तारीख बदलणं नाही. अपडेट म्हणजे प्रत्येक ओळ परत एकदा खरी आहे का ते बघणं, आणि लिहिणाऱ्याला निदान आपण काय लिहितोय ते माहीत असतं, मला तर आधी दुसऱ्याच्या डोक्यात काय होतं ते शोधायचं आणि मग ते आज चालतं का बघायचं. नवीन लिहिलं असतं तर मागच्या रविवारी संपलं असतं.

जे मोडलंय ते एकवेळ परवडलं. अर्धवट चालतं ते जास्त त्रास देतं. ईग्रेप घ्या, ग्रेपचंच भावंड, मॅन्युअलमध्ये वीसेक ठिकाणी आहे, 2022 च्या ग्रेप 3.8 पासून ते वॉर्निंग देतं की हे आता जुनं झालं. उत्तर बरोबर येतं पण वर वॉर्निंग, मग पोरांना वाटतं आपलं चुकलं. लेटेकच्या प्रकरणात तर कहर आहे, सगळी उदाहरणं डॉक्युमेंटस्टाइल या कमांडने सुरू होतात, म्हणजे लेटेक 2.09 चा जमाना, 1994 मध्येच त्याच्या जागी डॉक्युमेंटक्लास आलं. 1998 च्या मॅन्युअलमध्ये सुद्धा ते जुनंच होतं, सर, माफ करा पण होतं. आणि गंमत म्हणजे ते आजही चालतं! लेटेक आपणहून जुन्या मोडमध्ये जातं आणि पान काढून देतं. विभागप्रमुख म्हणाले, "चालतंय ना मॅडम, मग कशाला हात लावता." त्याच फाइलमध्ये पोराने जादा सोयी जोडणारं एक यूजपॅकेज टाकलं की धाडकन एरर, म्हणून हात लावते सर! चित्र घालायचं झालं तरी हेच लागतं.

आणि पेपर साइज. लेटेकचे ठरलेले क्लास, म्हणजे पानांचे साचे, काही सांगितलं नाही तर अमेरिकेचा लेटर साइज धरतात. आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात लेटर मागून बघा एकदा. मार्जिन सगळी तिरपागडी, आणि पोरं प्रिंटरला लाथा घालतात.

व्हीआयचं प्रकरण मात्र मला लाडाचं आहे, तिथे राग जरा वेगळ्यांवर आहे. लॅबमध्ये जे टाकून ठेवलंय ते विमचं, म्हणजे व्हीआयच्या सुधारलेल्या अवताराचं, सगळ्यात बारकं व्हर्जन, त्यात इन्सर्ट मोडमध्ये बाणाचं बटण दाबलं की कर्सर हलण्याऐवजी ए बी सी डी उमटतं. पहिल्या प्रॅक्टिकलला निम्म्या वर्गाच्या फाइलीत बाराखडीच्या आधीच एबीसीडी. पूर्ण विम टाका म्हणून दोन अर्ज दिलेत, फुकट आहे हो ते, फुकट! सरांनी तिथे एक तळटीप लिहिलीय की एच जे के एल हीच बाणाची बटणं का, तर बिल जॉय ज्या एडीएम थ्री ए टर्मिनलवर व्हीआय लिहीत होता त्याच्या कीबोर्डवर त्याच चार अक्षरांवर बाण छापलेले होते, आणि एस्केप होतं आजच्या टॅबच्या जागी, करंगळीपाशी. या तळटिपेला मी हात लावला नाही. असं समजावून सांगणारं कुणी आता लिहीत नाही, आता सगळे स्क्रीनशॉट चिकटवतात.

मग आलं मराठीचं प्रकरण. "ते काढूनच टाका मॅडम, कोण वापरतं." इथे माझं टाळकं सटकलं. सरांनी त्या काळी डच माणसाने, फ्रान्स वेल्टहाउसने 1991 मध्ये केलेलं देवनाग शिकवलंय, रोमन अक्षरांत मराठी लिहायचं, मग एका प्रोग्रॅममधून काढायचं, मग टेकमधून (लेटेक ज्यावर उभं आहे ते), तेव्हा कुठे पानावर देवनागरी. आज लेटेकचाच नवा भाऊ झीलेटेक आहे, युनिकोड मराठी थेट लिहिता येतं, प्रकरण सोपं झालंय, काढायचं कशाला? पण सोपं म्हणजे बिनचूक नाही ना. भाषा मराठी आहे हे सांगावं लागतं, नाहीतर ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आणि सांगूनही फॉन्टमध्ये मराठी रूपं नसतील तर काही होत नाही. दर्या आणि दऱ्या वेगळे छापले जातात का हे प्रत्येक फॉन्टला बघायचं, समुद्राच्या जागी दरी आली तर हसू आपलं होतं. वर्डच्या फाइलीत तर हे अख्खं प्रकरण जुन्या फॉन्टमध्ये आहे, फॉन्ट नाही म्हणून उघडलं की सगळा रोमन खिचडा, अकरा पानं मी छापील प्रतीवरून बघून परत टाइप केली. अकरा.

आणि तीही विममध्ये, कारण मला खाज. टर्मिनलमध्ये पहिली वेलांटी भलत्याच जागी, कर्सर एकीकडे अक्षर दुसरीकडे, आणि इनस्क्रिप्ट (मराठी कीबोर्ड) चालू असताना एस्केप मारून खाली जायला जे हे बटण दाबलं की विमला पोचतो र. र म्हणजे काय कप्पाळ कळणार त्याला? प्रत्येक वेळी भाषा बदला, खाली जा, परत भाषा बदला.

एका सहकाऱ्याने सल्ला दिला, एआयला दे, पाच मिनिटांत होईल. दिलं. त्याने सेडला असा एक ऑप्शन बहाल केला जो कुठल्याच मॅन पेजवर नाही. इतक्या आत्मविश्वासाने, की मी पंधरा मिनिटं मलाच वेडी समजले.

क्नुथ आजोबांची आठवण येते मला. 1977 मध्ये स्वतःच्याच पुस्तकाची खराब जुळणी बघून भडकले आणि टेक लिहायला घेतलं, त्यांना पण वाटलेलं की लवकर होईल, दहा-बारा वर्षं गेली. चूक दाखवणाऱ्याला ते दोन डॉलर छप्पन सेंटचा चेक द्यायचे. मी आतापर्यंत एकशे सत्तावीस चुका नोंदवल्यात, हिशेब केला मी, कॉलम नसला म्हणून काय झालं.

शेवटचं प्रकरण छपाईचं आहे, अजून हातात घेतलं नाहीये, नुसतं चाळलंय. लॅबमधला डॉट मॅट्रिक्स कसा जोडायचा ते त्यात आहे. तो प्रिंटर अजून आहे, खिडकीजवळ, कमिटीसाठी आणलेली कुंडी त्याच्यावर ठेवलीय. उद्या लवकर जाऊन कुंडी खाली काढणारे आणि चालू करून बघणारे, कारण दर प्रकरणाच्या डोक्यावर सरांनी लिहून ठेवलंय, आधी करून बघा मग पुढे जा, आणि रिबन कुठे मिळते कुणाला माहीत असेल तर सांगा.