९९.७ टक्के खात्री, पण कशाची?

एप्रिल २०२५ पासून एक मजकूर या ना त्या रूपात फिरतो आहे: "नासाला दुसरी पृथ्वी सापडली. के२-१८बी या ग्रहावर महासागर आहे. तिथे फक्त सजीवच बनवू शकतात असा वायू मिळाला असून जीवसृष्टी असल्याची ९९.७ टक्के खात्री झाली आहे." सोबत निळ्याशार गोळ्याचा 'फोटो'.

आधी तो फोटो. तो चित्रकाराने काढलेला आहे. हा ग्रह आजवर कोणीही पाहिलेला नाही. सिंह तारकासमूहात, सुमारे १२४ प्रकाशवर्षांवर एक मंद तांबडा तारा आहे. दर ३३ दिवसांनी हा ग्रह त्याच्यासमोरून सरकतो आणि ताऱ्याचा उजेड किंचित घटतो. २०१५ मध्ये केप्लर दुर्बिणीच्या निरीक्षणांतून ग्रहाचा पत्ता लागला तो या घटीवरूनच. ग्रह असा समोर असताना ताऱ्याच्या प्रकाशाचा इवलासा अंश ग्रहाच्या वातावरणातून आपल्याकडे येतो. त्यातल्या कोणत्या तरंगलांबी किती शोषल्या गेल्या, यावरून तिथले वायू ओळखतात. आपल्या हाती आहे ते एवढंच.

आता नासा. ही निरीक्षणं घेणारी जेम्स वेब अवकाश दुर्बीण नासाची, युरोपीय अवकाश संस्थेची आणि कॅनडाची मिळून आहे. ज्यावरून हा मजकूर निघाला तो शोधनिबंध मात्र केंब्रिज विद्यापीठातल्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाचा. (हे मधुसूदन मूळचे भारतातले, बनारसला शिकलेले. मजकुराच्या काही आवृत्त्यांत 'भारतीयाने शोधली जीवसृष्टी' असा अभिमानही मिसळलेला असतो.) जीवसृष्टी सापडल्याचं नासा म्हणत नाही आणि मधुसूदनही म्हणत नाहीत. आणखी निरीक्षणं हवीत, हे त्यांनीच सांगितलं होतं.

'दुसरी पृथ्वी' तर अजिबात नाही. वस्तुमान पृथ्वीच्या साडेआठपटीहून जास्त, त्रिज्या सुमारे २.६ पट. गणित केलं तर घनता पृथ्वीच्या निम्मी भरते. म्हणजे नुसता खडक नव्हे, वर बऱ्यापैकी हायड्रोजन किंवा पाणी असणार. हायड्रोजनच्या पातळ थराखाली कोमट महासागर, हे मधुसूदन यांचं आवडतं चित्र. पण जाड वायूच्या आवरणाचा, पृष्ठभागच नसलेला छोटा नेपच्यून किंवा खाली वितळलेल्या खडकाचा समुद्र, अशीही मॉडेलं त्याच निरीक्षणांवर मांडली गेली आहेत. ग्रह हॅबिटेबल झोनमध्ये आहे हे खरं. त्याचा अर्थ ताऱ्याकडून मिळणारी उष्णता बेताची आहे, इतकाच. पाण्याची बातमी तर २०१९ मध्येच गाजली होती. हबल या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांत पाण्याची वाफ दिसल्याचं सांगितलं गेलं. २०२३ मध्ये वेबने जास्त बारकाईने पाहिलं तेव्हा ठळक मिळाले ते मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड.

तो 'सजीवांचा वायू' म्हणजे डायमिथाइल सल्फाइड. पृथ्वीवर तो मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे हवेत येतो, समुद्राच्या वासात त्याचा वाटा असतो. पण 'फक्त सजीवच' हे चूक. युरोपच्या रोझेटा यानाने ६७पी या धूमकेतूजवळ घेतलेल्या मोजणीत तो सापडला, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. गोठलेल्या धूमकेतूवर अशा समुद्री वनस्पती कुठून येणार? साध्या वायूंच्या मिश्रणावर अतिनील प्रकाश सोडून प्रयोगशाळेतही तो तयार झाला आहे.

राहिले ९९.७ टक्के, आणि सगळा घोटाळा इथेच आहे. निबंधात म्हटलं होतं की डायमिथाइल सल्फाइड, त्याचा भाऊबंद डायमिथाइल डायसल्फाइड किंवा दोन्ही असल्याचा संकेत 'तीन सिग्मा' पातळीचा आहे. म्हणजे ते वायू नसताना निव्वळ योगायोगाने असा संकेत उमटण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के. शंभरातून हे वजा करून उरलेला आकडा थेट जीवसृष्टीला चिकटवला गेला! मुळात जीवसृष्टीची शक्यता त्या निबंधाने मोजलेलीच नाही. शिवाय तो आकडाही कोणत्या मॉडेलशी तुलना केली यावर अवलंबून आहे. डॉक्टरांच्या गिचमिड चिठ्ठीवरचं औषध ठरावीक नावांच्या यादीतून ओळखायला सांगितलं, तर त्यातलं एक नाव जुळल्यासारखं वाटतंच. यादी वाढवली की दुसरीही जुळू लागतात. इथेही तेच झालं. इतर गटांनी तीच निरीक्षणं जास्त रेणू धरून तपासली, तेव्हा जीवसृष्टीशी संबंध नसलेले रेणूही तितकेच बसले. ऑक्सफर्डचे जेक टेलर यांना तर त्या वर्णपटात, म्हणजे कोणती तरंगलांबी किती शोषली गेली याच्या आलेखात, सरळ रेषेपेक्षा वेगळं, म्हणजे कुठल्याही वायूची खूण म्हणावी असं, काही ठामपणे दिसलं नाही.

शोध जाहीर करायला सहसा 'पाच सिग्मा' लागतात, म्हणजे योगायोगाची शक्यता याहून कितीतरी कमी असावी लागते. वेबच्या आणखी १६ ते २४ तासांच्या निरीक्षणांनी तिथवर पोहोचता येईल, असा मधुसूदन यांच्या गटाचा अंदाज होता. समजा पोहोचलो. तरी पक्का होईल तो वायू. तो तिथे कोणी किंवा कशाने तयार केला, हा प्रश्न तेव्हा सुरू होईल.