दोन दिवसांचं स्कॉटलंड : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझ्या स्कॉटलंडच्या प्रवासलेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तरही सविस्तर देते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचे आक्षेप थोडक्यात : शनिवार-रविवारच्या सुट्टीत एडिंबरोहून इन्व्हर्नेसपर्यंत जाऊन परत येणं म्हणजे नुसती धावपळ, त्यात ना स्काय बेट, ना व्हिस्कीची डिस्टिलरी, लॉख नेस या सरोवराची बोळवण दोन ओळींत, नवरा-बायको सुट्टीला गेले आणि लेख भरला कत्तलींनी नि लढायांनी. आणि शेवटचं, जे तुम्ही सगळ्यात रागाने लिहिलंय : सह्याद्रीतले आपले किल्ले ढासळत असताना परक्या मुलखातल्या पडक्या भिंतींपाशी गहिवरायचं कशाला?

स्काय आम्ही ठरवून सोडलं. एडिंबरोहून स्कायवरच्या पोर्ट्रीला गाडीने जायला पाच तासांहून जास्त लागतात, वाटेत कुठे थांबला नाहीत तर. म्हणजे शनिवार जाण्यात, रविवार येण्यात, आणि मधे त्या बेटावर फक्त झोपायचं. त्यापेक्षा स्टर्लिंग, कॅलंडर, टिंड्रम, रॅनॉख मूरचा माळ, ग्लेनको, फोर्ट विल्यम आणि पुढे ग्रेट ग्लेन या दरीच्या काठाकाठाने इन्व्हर्नेस हा रस्ता घेतला. दुसऱ्या दिवशी कलोडन आणि फोर्ट जॉर्ज पाहून पिटलॉख्रीमार्गे परत. गाडी आळीपाळीने दोघंही चालवत होतो, म्हणून डिस्टिलरीही नाही. स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून गाडी चालवणाऱ्यासाठी दारूची मर्यादा इंग्लंडपेक्षा कमी आहे, आणि ती योग्यच आहे. लॉख नेस सुंदर आहे, खोल आहे, पीटमुळे, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मातीमुळे, पाणी जवळजवळ काळं दिसतं. त्यातल्या दंतकथेतल्या राक्षसाबद्दल मला दोन ओळींपेक्षा जास्त काही सांगायचं नव्हतं.

आता कत्तली आणि लढायांबद्दल. निसर्गाचा आनंद घ्यायचा सोडून मी इतिहास उकरत बसले, असं तुमचं म्हणणं. पण ग्लेनकोच्या दरीत उभं राहिल्यावर निसर्ग आणि इतिहास वेगळे काढता येत नाहीत. तीन उघडे कडे, त्यांच्यामधून उतरणारे ओहोळ, खाली गवत आणि नदी. मैलोन्‌मैल घर नाही, शेत नाही, झाड जवळपास नाही. पर्यटनाची पत्रकं याला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणतात आणि ते मला पटत नाही. या दरीत वस्त्या होत्या. गवताच्या ढेपा आणि विणलेल्या फांद्या यांची घरं होती. तसं एक घर नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेने ग्लेनकोच्या पर्यटक केंद्रापाशी जुन्या पद्धतीने पुन्हा उभं केलंय. आम्ही त्यात बराच वेळ बसलो. जाड भिंती, मधोमध चूल, खिडकी नाही, आणि बाहेरचा वारा एकदम ऐकू येईनासा होतो. हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या या डोंगराळ मुलखात, माणसं कशी राहत होती हे मला कुठल्याही किल्ल्यापेक्षा तिथे जास्त कळलं.

१६९२ च्या फेब्रुवारीत अशाच घरांतून सरकारी सैनिक पाहुणे म्हणून उतरले होते. राजा विल्यमशी निष्ठेची शपथ घ्यायची मुदत होती १ जानेवारी. इथल्या मॅकडोनल्डांचा प्रमुख आदल्या दिवशी फोर्ट विल्यमला पोचलाही होता, पण तिथल्या अधिकाऱ्याला शपथ देण्याचा अधिकारच नव्हता. त्याला इन्व्हरेरीला जायला सांगितलं, ऐन हिवाळ्यात, आणि शपथ व्हायला ६ तारीख उजाडली. तेवढा उशीर निमित्ताला पुरला. कॅप्टन रॉबर्ट कॅम्पबेलची माणसं बारा-तेरा दिवस त्यांच्या चुलीशी बसून जेवली, आणि १३ तारखेच्या पहाटे त्यांनी यजमानांनाच मारलं. अडतीसच्या आसपास माणसं जागच्या जागी गेली; बर्फात पळालेल्या बायका-मुलांपैकी किती थंडीने गेली त्याचा नेमका हिशेब नाही. कॅम्पबेलची भाची त्या प्रमुखाच्या धाकट्या मुलाला दिलेली होती. स्कॉटलंडच्या कायद्यात विश्वासाने घरात घेतलेल्याने केलेला खून हा साध्या खुनाहून गंभीर गुन्हा मानला जाई, आणि १६९५ च्या चौकशीने याला खूनच ठरवलं. शिक्षा कोणालाच झाली नाही. हे कळल्यावर त्या कड्यांचा नुसता फोटो लावून ‘स्वर्गीय’ लिहिणं मला जमलं नसतं.

दरी रिकामी दिसते त्याचं मोठं कारण मात्र नंतरचं आहे, आणि ते समजायला कलोडनला जावं लागतं. १६ एप्रिल १७४६ ची ही लढाई तासभरही चालली नाही. हटवलेल्या राजघराण्यातर्फे सरकारविरुद्ध उठलेल्या चार्ल्स स्ट्युअर्टच्या बाजूचे दीड हजारांच्या आसपास लोक पडले. माळ सपाट आणि ओलसर, हेदरचं खुरटं झुडूप, मधे क्लॅनच्या, म्हणजे हायलँडी भावक्यांच्या, नावांचे दगड. ते दगड १८८१ मध्ये बसवलेत. पण लढाईपेक्षा तिच्यानंतरचे कायदे जास्त खोल गेले. पुरुषांच्या हायलँडी पोशाखावर १७८२ पर्यंत बंदी होती, सैन्यात असाल तरच तो घालायची मुभा. क्लॅनप्रमुखांचे न्यायनिवाड्याचे पिढीजात अधिकार काढून घेतले गेले. त्याआधी प्रमुखाची ताकद मोजली जायची ती त्याच्या हाकेला किती तलवारी धावतात यावर. ते संपल्यावर त्याच जमिनीकडे तो खंडाच्या पैशांसाठी बघू लागला. कुळांपेक्षा मेंढ्यांचा खंड जास्त येत होता. मग कुळं उठवली गेली. सदरलंडमधल्या स्ट्रॅथनेव्हरसारखी खोरी १८१४ नंतर पाच-सहा वर्षांत ओस पडली, आणि माणसं समुद्रकाठच्या खडकाळ तुकड्यांवर किंवा जहाजाने कॅनडात गेली. मेंढ्या आणि हरणं कोंब वाढू देत नाहीत, त्यामुळे झाडंही परतली नाहीत. आपण गाडी थांबवून ज्याचे फोटो काढतो ते असं तयार झालंय.

सह्याद्रीच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला फोर्ट जॉर्जवर सापडलं. मूळ लेखात ते दोन वाक्यांत उरकलं होतं, कारण लेख लांबला होता. इथे नीट सांगते.

इन्व्हर्नेसपासून जवळच, समुद्रात घुसलेल्या भूशिरावर हा किल्ला आहे. कलोडननंतर हायलँड्सना धाकात ठेवायला १७४८ मध्ये बांधायला घेतला, १७६९ ला पुरा झाला. तोवर बंड करणारं कोणी उरलं नव्हतं. त्यावर हल्ला कधीच झाला नाही, आणि लष्कर आजही तो वापरतं. आत हायलँड रेजिमेंटांचं संग्रहालय आहे. तिथे ७८ व्या रेजिमेंटच्या इतिहासात मला आपल्या जालना जिल्ह्यातलं नाव वाचायला मिळालं : असई.

क्रम बघा. १७९२ च्या उन्हाळ्यात रॉसशायरमधल्या शेतकऱ्यांनी मेंढ्या एकत्र करून आपल्या मुलखाबाहेर हाकलायला घेतल्या. सैन्य बोलावून त्यांना मोडलं गेलं. पुढच्याच वर्षी त्याच भागात सीफोर्थच्या मॅकेंझीने ७८ वी हायलँड रेजिमेंट उभी केली. आणि आणखी दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ ला, त्या रेजिमेंटचे लोक केळणा नदी उतरून दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेवर चालून गेले. सोबत ७४ वी हायलँड रेजिमेंट होती, ती असई गावापाशी जवळजवळ कापली गेली. आपले गोलंदाज तोफांपाशी मरेपर्यंत लढले. सेनापती वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. या रेजिमेंटांनी त्यानंतर हत्तीचं चिन्ह आणि ‘असई’ हे नाव मानाने मिरवलं. ज्यांच्या दऱ्या मेंढ्यांसाठी मोकळ्या होत होत्या, त्यांचीच मुलं पगारासाठी मराठी मुलखात येऊन मरत आणि मारत होती. हे समजल्यावर परक्यांचा इतिहास आणि आपला इतिहास अशी वाटणी मला करता येत नाही.

पडक्या भिंतींचंही तसंच. लॉख नेसकाठचा अर्कहार्ट किल्ला काळाने पडला नाही. १६९२ मध्ये तिथल्याच सरकारी शिबंदीने निघताना तो सुरुंगाने उडवला, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून. अलंग-मदनच्या पायऱ्या १८१८ मध्ये इंग्रजांनी उडवल्या त्या याच हिशेबाने. त्या तुटक्या पायऱ्यांवरून दोर लावून मी चढलेली आहे. सह्याद्री मला परका नाही, आणि अर्कहार्टपाशी उभं राहून मला आठवलं तेही मदनच. (मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिणारा ग्रँट डफ फोर्ट जॉर्जच्याच किनाऱ्यावरच्या बॅन्फचा. त्याच्याशी आपलं भांडण जुनं आहे, पण त्याचं गाव बघायला मला आवडलं असतं.)

आपल्या किल्ल्यांच्या अवस्थेबद्दल तुमचा संताप मला मान्य आहे, संपूर्ण. पण कलोडनच्या माळावर जपणुकीचं जे काम दिसतं त्याने तो संताप माझ्या मनात आणखी धारदार झाला. रणभूमीवर दोन्ही फौजांच्या रांगा निशाणांनी दाखवल्या आहेत, कबरींवरून चालू नका अशी विनंती आहे, आणि लोक ती पाळतात. असईला असं काय आहे? हा प्रश्न मला तिकडे गेल्यामुळे पडला, आणि तो मी विचारत राहणार आहे.

राहिलं नवरा-बायकोचं. सुट्टी म्हणजे फक्त हॉटेल आणि फोटो, असं आम्हा दोघांनाही वाटत नाही. आम्ही कॉलेजात भेटलो तेही एका किल्ल्यावरच. कलोडनहून निघाल्यावर ए-९ रस्त्याने डोंगर मागे पडत होते आणि आम्ही कुळकायद्यावर वाद घालत होतो. नवऱ्याच्या आजोबांना कसेल त्याची जमीन या न्यायाने जमीन मिळाली, माझ्या आजोबांची त्याच कायद्यात गेली. हायलँड्समधल्या कुळांना संरक्षण मिळायला १८८६ चा कायदा यावा लागला, तोवर बहुतेक खोरी रिकामी झाली होती. पिटलॉख्रीला चहाला थांबलो तरी तो विषय संपला नव्हता. आमच्यासाठी ती फार चांगली संध्याकाळ होती.

तुम्ही पुढच्या वर्षी जाणार आहात असं लिहिलंय. स्काय हवंच असेल तर तिथे किमान तीन रात्री द्या. मे ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावर मिज नावाची चावरी चिलटं असतात, संध्याकाळी वारा पडला की जास्त. डोक्यावरची जाळी तिथेच घ्या. गाडी चालवायची नसेल तर ग्लासगोहून फोर्ट विल्यमची रेल्वे घ्या, ती रॅनॉख मूर मधोमध ओलांडते आणि कोरूरसारख्या स्टेशनावर थांबते, जिथे सार्वजनिक रस्ताच पोचत नाही. आणि उत्तरेला बेटीहिलपर्यंत जाऊ शकलात तर तिथल्या जुन्या चर्चमध्ये स्ट्रॅथनेव्हरचं छोटं संग्रहालय आहे, उठवलेल्या कुळांबद्दलचं. आम्ही अजून तिथे गेलेलो नाही. तुम्ही आधी पोचलात तर तिथे काय पाहिलंत ते इथे जरूर लिहा.