काळे चौकोन दिसले म्हणजे कार्ड जळालं असं नाही

नवतपा लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. त्यात म्हटलंय: ब्राउझरमध्ये काळे चौकोन, लुकलुकणारं पान किंवा फाटलेली अक्षरं दिसली, तर उन्हानं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग, जळालं समजा. आधी कॅशे साफ करा, मग क्रोम काढून एज टाका. तरी फरक पडला नाही तर हार्डवेअर ॲक्सलरेशन, म्हणजे पान रंगवायचं काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणारी ब्राउझरची सोय, कायमचं बंद करा. त्यानं सुधारलं, तर कार्ड गेल्याची खात्रीच झाली, बोर्ड बदला.

नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या शेजारच्या काकू हा मेसेज वाचून मुलीचा लॅपटॉप दुकानात घेऊन गेल्या आणि बोर्ड बदलावा लागेल असं ऐकून रडवेल्या होऊन परतल्या. मुलीचे प्रवेशाचे फॉर्म भरायचे होते. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी उन्हाचं. ४५ अंशांत माणूस होरपळतो, पण लॅपटॉपची चिप भर कामात एरवीही ७०-८० अंशांवर असते. बहुतेक चिपांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. ती जवळ आली की चिप आपला वेग स्वतःच कमी करते आणि तरीही भागलं नाही तर मशीन बंद पडतं. म्हणजे तापल्याची पहिली खूण मंदपणा आणि पंख्याची घरघर. मेमरी तापून चित्र बिघडू शकतं, हे खरं आहे. पण मग ते डेस्कटॉपवर, गेममध्ये, अगदी मशीन सुरू होताना कंपनीचा लोगो येतो तिथेही दिसू शकतं. बाकी सगळं स्वच्छ आणि फक्त ब्राउझरमध्ये गोंधळ असेल, तर कार्डावरचा संशय शेवटी ठेवा. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, आठवतंय? देशभर बातमी झाली आणि नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. आकडा दिसला म्हणून तो खरा मानायचा नसतो, तो कुठून आला ते बघायचं असतं.

हे बघायला एक साधी चाचणी आहे, जी मेसेजमध्ये नाहीच. डाग दिसत असताना स्क्रीनशॉट काढा आणि तो मोबाईलवर उघडा. तिथे डाग नसेल तर दोष बहुधा पडद्याचा किंवा केबलचा. असेल तर चित्र तयार होतानाच बिघडतंय.

कॅशेत उतरवून ठेवलेली चित्रं आणि फाइली असतात. एखाद्याच साइटचा जुना तुकडा अडकला असेल तर ती साफ करून उपयोग होतो. सगळ्या साइट्सवर काळे चौकोन येत असतील तर नाही. त्यापेक्षा खासगी विंडो उघडून बघा. तिथे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम, सहसा बंद असतात. तिथे पान नीट दिसलं तर एखादं एक्स्टेंशन तपासा, विशेषतः पानं गडद करणारं.

क्रोमऐवजी एज हा सल्ला तर चाचणी म्हणून निरुपयोगीच. जानेवारी २०२० पासून एजही क्रोमियमवरच, म्हणजे क्रोम ज्या कोडवर उभा आहे त्यावरच, चालतो. ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी यांचंही तेच. एकाच चुलीवरची भाकरी दोन ताटांत वाढून चव पाहण्यासारखं ते होतं. खरी तुलना हवी तर फायरफॉक्स लावा, त्याचं इंजिन वेगळं आहे.

आता सगळ्यात घातक मुद्दा: ‘ॲक्सलरेशन बंद केल्यावर सुधारलं, म्हणजे कार्ड खराब’. ब्राउझर पानाचे तुकडे पाडून ते रंगवतो आणि थर एकावर एक रचून पडद्यावर पाठवतो. हे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवताना मध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाष्या असतो. ॲक्सलरेशन बंद केलं की ब्राउझर ती वाटच सोडतो आणि काम प्रोसेसरवर जातं. त्यामुळे बिघाड त्या वाटेवर आहे एवढंच सिद्ध होतं. तो ब्राउझरच्या कोडमध्ये असेल, ड्रायव्हरमध्ये असेल किंवा चिपमध्ये. ड्रायव्हरचे घोळ इतके नेहमीचे आहेत की क्रोमियममध्ये त्रासदायक ड्रायव्हर आणि चिपांची यादीच ठेवलेली असते आणि त्यांच्यासाठी काही सोयी आपोआप बंद होतात. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत ‘क्रोम’, मग अपूर्णविराम, दोन तिरप्या रेघा आणि ‘जीपीयू’ असं इंग्रजीत लिहिलंत, तर तुमच्या मशीनवर काय चालू आणि काय बंद ते दिसेल.

कायमचं बंद ठेवायचं म्हणाल, तर व्हिडिओ उलगडण्याचा भारही प्रोसेसरवर पडतो. पंखा ओरडतो, बॅटरी लवकर उतरते, त्रिमितीय नकाशे रखडतात. म्हणजे उन्हाच्या भीतीनं केलेला उपाय मशीन आणखी तापवतो! निदानापुरतं बंद करा, फॉर्म भरायची घाई असेल तर तेवढे दोन दिवस ठेवा, मग मूळ दुरुस्त करून परत चालू करा.

विंडोजवर मी आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबतो. पडदा क्षणभर काळा होतो, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो, उघडं काम तसंच राहतं. त्रास परत आला तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्यायचा. त्रास एखाद्या अपडेटनंतरच सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून आधीच्या ड्रायव्हरवर परत जायचं. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपमध्ये विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधून ब्राउझरला दुसरी चिप देऊन बघता येतं. एकीवर डाग आणि दुसरीवर नाही, हा मोठा धागा आहे.

काकूंच्या लॅपटॉपवर स्क्रीनशॉटमध्ये चौकोन दिसत होते, फायरफॉक्समध्येही थोडे होते, म्हणजे दोष एकाच ब्राउझरचा नव्हता, पण सुरू होतानाचा लोगो अगदी स्वच्छ. चार दिवसांपूर्वी ड्रायव्हर आपोआप बदललेला निघाला. आधीचा परत बसवला, ॲक्सलरेशन चालूच ठेवलं. त्याच रात्री मुलीनं फॉर्म भरला.